मेहकरची शीळ आणि जोशींची तबकडी

कामरगावहून कारंजा, शेलूबाजार, मालेगाव असा रस्ता धरून पश्चिमेस निघाले की वाशीम जिल्ह्याची हद्द संपल्यावर मेहकर लागते. पैनगंगेच्या काठचे हे जुने गाव. शार्ङ्गधर बालाजीच्या मूर्तीसाठी ते प्रसिद्ध आहे आणि लोणारचे सरोवर पाहण्यास निघालेला प्रवासी तेथे चहासाठी थांबतो. परंतु मराठी घराघरांतून जे गाणे 'भावगीत' या नावाने गेली नव्वद वर्षे ऐकले जाते, त्याचा एक मूळ झरा या गावात आहे, हे आमच्या परिसरातील सुशिक्षितांनाही फारसे ठाऊक नसते. म्हणून हा लेखनप्रपंच.

मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे यांनी ऐन विशीत 'शीळ' नावाची कविता लिहिली. रानातून येणारी प्रियकराची शीळ आणि ती ऐकून व्याकुळ झालेली एक साधी स्त्री, एवढाच तिचा विषय. भाषा बोलीच्या जवळची, लय ओवीच्या अंगाची. त्याच वयाच्या जी. एन. जोशी या तरुणाने तिला चाल लावली. जोशी कायद्याचे पदवीधर, पण रागदारीत तयार झालेला त्यांचा गळा त्यांना कचेरीत स्वस्थ बसू देईना. १९३०च्या दशकाच्या आरंभी 'हिज मास्टर्स व्हॉइस' कंपनीने त्यांच्या आवाजात ही कविता ध्वनिमुद्रित केली. त्या तबकडीला जो प्रतिसाद मिळाला, त्याची अपेक्षा कंपनीने केली असेल असे वाटत नाही. मराठी भावगीताचा इतिहास सांगणारे बहुतेक जण आपली कथा येथूनच सुरू करतात.

या यशाचे मर्म कळण्यासाठी त्या काळचा ग्रामोफोन समजून घेतला पाहिजे. लाखेच्या त्या तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटांहून अधिक काही मावत नसे. ख्याल गाणाऱ्या गवयाला आलापाची बैठक जमवायलाच त्याहून अधिक वेळ लागतो. १९०२ साली फ्रेड गायसबर्ग या तंत्रज्ञाने मिलान येथे एन्रिको कारुझो या इटालियन गायकाची दहा गाणी मुद्रित केली. त्याच वर्षाच्या अखेरीस तोच गृहस्थ कोलकात्यास येऊन गौहर जान यांचा आवाज टिपून गेला. कारुझो हा 'टेनर', म्हणजे पुरुषाच्या उंच पट्टीच्या आवाजाचा, ऑपेरातील थोर गायक. तथापि नेपल्सची साधी लोकप्रिय गाणीही त्याने तितक्याच आनंदाने तबकड्यांवर गायिली, आणि १९१८ साली तर अमेरिकन सैनिकांचे एक युद्धगीतही. त्यामुळे त्याची ऑपेरा कमी झाली नाही. उलट ज्यांनी नाट्यगृहाची पायरी कधी चढली नव्हती, त्यांच्या घरी त्याचा आवाज पोहोचला. तीन मिनिटांची अडचण त्याने अशी वापरून घेतली. आपल्याकडे तेच जोशींनी केले.

आणखी एक गोष्ट घडून आली होती. आरंभीच्या काळात गायकाला कर्ण्यासमोर उभे राहून मोठ्याने गावे लागे. १९२५ च्या सुमारास विजेवर चालणारे ध्वनिमुद्रण आले आणि मायक्रोफोन हलका स्वरही टिपू लागला. नाट्यपद शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचावे लागते; भावगीत शेजारी बसलेल्या माणसाला सांगितल्यासारखे असते. मायक्रोफोन नसता तर हा दुसरा प्रकार तबकडीवर जन्मलाच नसता, असे आमचे मत आहे.

मग गवयाने केले काय? जो गळा तानेसाठी तयार झाला होता, त्याला त्याने शब्दांपाशी थांबावयास शिकविले. हे वाटते तितके सोपे नाही. सेमिनरीत आम्हांस ग्रेगोरियन गायन शिकविले जाई, तेव्हा आधी लॅटिन वाक्य नीट म्हणा, सूर त्याच्या मागून येईल, असा दंडक होता. उत्तम आवाजाच्या विद्यार्थ्यांनाच तो सर्वांत जड जाई. आलेली हरकत गिळून टाकणे हा तयार गळ्याचा खरा कस असतो. ज्याला रागदारी येतच नाही, त्याच्या संयमाला काही किंमत नाही. ज्याला येते आणि जो ती एका कवितेपुरती आवरून धरतो, त्याचे गाणे वेगळे लागते.

काळही अनुकूल होता. १९२३ साली पुण्यात स्थापन झालेल्या रविकिरण मंडळाच्या कवींनी सभांतून कविता गाऊन म्हणण्याचा प्रघात पाडला होता. लोकांना कविता कानाने घेण्याची सवय लागली होती, मात्र त्या गायनात संगीत बेताचेच असे. दुसऱ्या बाजूस संगीत नाटकाला ओहोटी लागत होती. १९३२ साली 'अयोध्येचा राजा' हा मराठी बोलपट झळकला आणि नाटक मंडळ्यांचा प्रेक्षक पांगू लागला. म्हणजे ज्या गाण्यावर मराठी माणूस पोसला होता ते मागे पडत होते आणि त्याची जागा घेणारे अजून ठरावयाचे होते. नेमक्या या वेळी ही तबकडी आली. तीत ना नाटकाचे कथानक होते, ना बैठकीचा थाट. घरातील कोणालाही ती ऐकून गुणगुणता येई, आणि तशी गुणगुणण्यात कोणाला संकोच वाटण्याचे कारण नव्हते. हे शेवटचे कारण आम्हांस सर्वांत महत्त्वाचे वाटते. गाण्याला पांढरपेशा घरांत त्या काळी सहज प्रवेश नव्हता.

मागोमाग जोशींनी ना. घ. यांच्या आणि इतर कवींच्याही रचना गायिल्या. काही युगुलगीतांत त्यांच्या साथीला 'गांधारी हनगल' हे नाव आढळते. हे नाव वाचून आजचा रसिक क्षणभर अडखळेल. या गांधारी म्हणजे सवाई गंधर्वांच्या शिष्या, किराणा घराण्याच्या थोर गायिका गंगूबाई हनगल. तेव्हा त्यांचा आवाज कोवळा व बारीक होता. पुढे घशाच्या विकारानंतर तो भारदस्त झाला, आणि त्यांनी असले सुगम गाणे सोडून ख्यालालाच आयुष्य वाहिले. २००९ साली त्यांचे निधन झाले तेव्हा गंगूबाईंचा गौरव देशभर झाला. गांधारीची आठवण फार थोड्यांनी काढली. घराणेदार गायकाने आपली तरुणपणची लोकप्रिय गाणी मागे टाकावीत, त्यांच्याविषयी फारसे बोलू नये, असा संकेत आपल्याकडे दिसतो. आम्हांस तो पटत नाही. ज्या श्रोत्याने त्या युगुलगीतांतून स्वच्छ सूर प्रथम ऐकला, तोच पुढे ख्याल ऐकावयास बसला नसेल कशावरून?

कवीच्या वाट्याला काय आले, हेही पाहावे. ना. घ. देशपांडे मेहकरलाच राहिले. तेथेच त्यांनी वकिली केली. पुण्या-मुंबईच्या साहित्यवर्तुळात ते वावरले नाहीत. त्यांचा पहिला संग्रह, त्याचेही नाव 'शीळ'च, प्रकाशित झाला १९५४ साली. म्हणजे तबकडी निघाल्यानंतर सुमारे वीस वर्षांनी. पुस्तकाआधी कविता कानांनी पाठ केलेली, अशी वाचकांची एक अख्खी पिढी त्यांना लाभली. यापरते भाग्य कवीला कोणते, असे कोणी म्हणेल. पण लोकांनी चाल लक्षात ठेवली, गायक लक्षात ठेवला, आणि शब्द कोणाचे हे विचारावयाचे बहुधा राहून गेले. 'अभिसार' हा दुसरा संग्रह १९६३ साली आला, 'खूणगाठी'ला १९८६ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला, तोवर कवीने पंचाहत्तरी ओलांडली होती. २००० साली ते निवर्तले. वऱ्हाडातल्या तालुक्याच्या गावी राहून लिहिणाऱ्याची दखल उशिराच घेतली जाते, आणि तबकडीसारखे वाहन मिळूनही ती उशिराच घेतली गेली.

जोशी मात्र त्याच कंपनीत अधिकारी म्हणून दाखल झाले आणि हळूहळू मायक्रोफोनपुढून उठून काचेपलीकडे जाऊन बसले. मोठमोठ्या गवयांना ध्वनिमुद्रणास राजी करणे, हे त्यांचे पुढचे जीवितकार्य झाले. दीर्घकाळ वाजणारी नवी तबकडी आली, तेव्हा एका बाजूवर वीसएक मिनिटे मिळू लागली. उस्ताद अमीर खाँ यांचा संथ, भव्य मारवा अशाच तबकडीवर त्यांनी उतरवून घेतला. १९६७ साली शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया आणि ब्रिजभूषण काबरा या तेव्हाच्या तरुण वादकांना एकत्र आणून त्यांनी 'कॉल ऑफ द व्हॅली' ही तबकडी काढली. काश्मीरच्या खोऱ्यातील एका धनगराचा दिवस तीत रागांतून सांगितला आहे. रागसंगीताशी ओळख नसलेल्या परदेशी श्रोत्यांनीही ती उचलून धरली. तीन मिनिटांत ज्याने नाव कमाविले, त्यानेच पुढे गवयांना वीस मिनिटे मिळवून दिली. आणि शास्त्रीय वाद्यांच्या या लोकप्रिय तबकडीतही रानातला एक साधा माणूसच मध्यभागी ठेवला.