शेळीच्या पायावरची खरूज : सुई, माती आणि जळलं ऑईल

ज्यांना हेडफोन लावून ऐकायला जमत नाही, त्यांच्यासाठी हा भाग लिहून देतोय. आज इतिहासच आहे, पण राजे नाहीत, लढाया नाहीत. आज आहे शेळीची खरूज. हसू नका, थांबा जरा.

निगडी म्हटलं की तुम्हाला भक्ती-शक्ती चौक आठवतो, प्राधिकरणातले सरळ रस्ते आठवतात. पण प्राधिकरण स्थापन झालं १९७२ साली. त्याआधी निगडी हे साधं गाव होतं, आणि गावठाणातल्या आमच्या घरात त्यानंतरही कितीतरी वर्षं शेळ्या होत्या.

मी सातवीत होतो. आजीकडे दोन शेळ्या. थंडीचे दिवस. त्यातली चांदी सारखी मागचे पाय आपटायला लागली, तोंड वळवून पाय चावायला लागली. खुरांच्या वरचे केस गेलेले, जाड पिवळट खपल्या धरलेल्या. आजी म्हणाली, "रक्त बिघडलंय हिचं." शेजारचे काका वर्कशॉपमध्ये कामाला. ते डबाभर जळलं ऑईल घेऊन आले. "लावा आजी, दोन दिवसांत साफ."

आमच्या पट्ट्यात हा इलाज सगळ्यांना माहीत. गल्लोगल्ली गॅरेज, त्यामुळे ऑईल फुकट. त्यात अर्धा तर्क आहेही, कारण तेलाच्या थराखाली बारीक जीव गुदमरतात. पण इंजिनातून निघालेल्या ऑईलमध्ये धातूचे कण असतात, जळकी रसायनं असतात. ती कातडीतून आत जातात, आणि शेळी तर पाय चाटतेच. चांदीनंही चाटले. तिनं खाणं सोडलं आणि आठवड्याच्या आत गेली. गाभण होती. आजी पुढे कायम म्हणायची, "मीच तिला काळं फासलं."

दुसऱ्या शेळीच्या पायावर खपल्या दिसल्या तेव्हा आम्ही सरळ पशुवैद्यकीय दवाखाना गाठला. डॉक्टरांनी ब्लेडनं खपलीची कड खरवडली, काचेवर थेंब टाकला आणि मला म्हणाले, "ये, बघ." सूक्ष्मदर्शकात आठ पायांचा एक गोलसर जीव हळूहळू हलत होता. 'बिघडलेलं रक्त' ते हेच.

आता इथून आपण थेट इटलीत जाऊ, १६८७ साली. तिथेही डॉक्टर हेच सांगायचे की खरूज शरीरातल्या बिघाडातून येते. जोव्हान कोसिमो बोनोमो नावाच्या तरुण वैद्यानं मात्र एक गोष्ट हेरली. गरीब बायका खरूज झालेल्या पोरांच्या कातडीतून टाचणीनं काहीतरी टिपून काढायच्या. चेस्तोनी या औषध विक्रेत्याच्या साथीनं त्यानं ते 'काहीतरी' भिंगाखाली ठेवलं. जिवंत किडा! तो अंडी घालतानाही त्यांना दिसला. बोनोमोनं पत्र लिहून हे छापलं. मोठ्या वैद्यांना ते पटलं नाही.

पुढची जवळजवळ दीडशे वर्षं वाद चालू राहिला. १८३४ साली पॅरिसमध्ये रेनुच्ची नावाच्या विद्यार्थ्यानं सगळ्यांसमोर सुईनं किडा काढून दाखवला, तेव्हा तो मिटला. हा विद्यार्थी कॉर्सिका बेटावरचा. सुईची युक्ती त्यानं गावाकडच्या बायकांना करताना पाहिली होती. म्हणजे पुस्तकांत जे नव्हतं, ते आयांच्या बोटांना आधीच ठाऊक होतं.

शत्रू कळला, पण औषध? गंधक आपल्याकडेही होतं, युरोपातही होतं, आणि ते कामही करतं. नवं औषध आलं मातीतून. जपानमध्ये सातोशी ओमुरा यांनी कावाना इथल्या गोल्फ मैदानाजवळची माती तपासली. तिच्यात स्ट्रेप्टोमायसिस कुळातला एक जिवाणू सापडला. अमेरिकेत विल्यम कॅम्पबेल यांच्या गटानं त्यावर काम केलं आणि त्यातून आयव्हरमेक्टिन तयार झालं. १९८१ पासून ते जनावरांसाठी बाजारात आलं. २०१५ साली दोघांना नोबेल मिळालं.

आता घराकडे या. निगडीहून हाकेच्या अंतरावर, पिंपरीत, १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी उभी राहिली. तिथल्या थिरुमलाचार आणि सहकाऱ्यांनीही असाच मातीतल्या जिवाणूंचा शोध घेतला. त्यातून १९६१ च्या सुमारास हॅमायसिन हे बुरशीवरचं औषध निघालं. ते देणाऱ्या जिवाणूचं नाव काय ठेवलं माहितीये? स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. आपल्या पिंपरीवरून! कूळ तेच, कावानाच्या जिवाणूचं.

पण गंमत बघा. बुरशीवरचं औषध खरजेच्या किड्याला काहीच करत नाही आणि आयव्हरमेक्टिन नायट्याला काही करत नाही. दोन्हींत केस जातात, खपल्या येतात. म्हणून आधी खरवडून बघायचं, मग औषध.

किडेही सगळे एक नसतात. सार्कोप्टिस कातडीत बोगदे खणतो, बहुतेकदा तोंड आणि कानांपासून सुरुवात करतो, आणि शेळी हाताळणाऱ्या माणसालाही खाज आणतो. पायावर खपल्या आणणारा बहुधा कोरिऑप्टिस. तो वरवरच राहतो, मेलेली कातडी खातो. त्यामुळे इंजेक्शनचं औषध रक्तातून त्याच्यापर्यंत नीट पोचत नाही. "एक सुई मारली की झालं" हे इथेच फसतं. खपल्या भिजवून, घासून काढाव्या लागतात आणि डॉक्टरांनी दिलेलं औषध खुरांच्या बेचक्यापर्यंत लावावं लागतं. अंडी वाचतात, म्हणून साधारण दोन आठवड्यांनी पुन्हा. आणि कळपातल्या सगळ्यांना, खाजत नसलं तरी. गोठाही साफ करायचा. शेळी गाभण असेल तर ते आधी सांगायचं. औषधानंतर दूध आणि मटण किती दिवस वापरायचं नाही, तेही विचारून घ्यायचं.

आमची दुसरी शेळी याच पद्धतीनं बरी झाली. पुढच्या उन्हाळ्यात तिला दोन करडं झाली. आजीनं एकीचं नाव चांदी ठेवलं. त्यानंतर काका डबा घेऊन आले की आजी म्हणायची, "ऑईल गाडीला लाव बाबा. शेळीला आधी दाखवून आणू."

तुमच्या घरी, गावी कुणी शेळ्या पाळत असेल तर हा भाग त्यांना पाठवा. भेटू पुढच्या भागात.