पन्हाळ्याची भेट आणि उधळ्या पुत्राचा दाखला

पन्हाळ्याच्या सज्जाकोठीत शिवाजी महाराज आणि संभाजीराजे यांची शेवटची भेट झाली, अशी परंपरा आहे. त्या कोठीत उभा असताना मला लूकच्या शुभवर्तमानाच्या १५व्या अध्यायातला उधळ्या पुत्राचा दाखला आठवला. धाकटा मुलगा वाटणी घेऊन दूर जातो, सर्व गमावून परततो आणि बाप धावत जाऊन त्याला पोटाशी धरतो. ही गोष्ट सहसा एवढ्यावरच सोडली जाते. पुढे मात्र थोरला भाऊ रागाने अंगणातच थांबतो आणि बाप त्याची समजूत घालायला पुन्हा बाहेर येतो. थोरला आत गेला की नाही, हे दाखला सांगत नाही.

डिसेंबर १६७८ मध्ये संभाजीराजे दिलेरखानाकडे गेले. ते का गेले, यावर इतिहासकारांचे एकमत नाही. एप्रिल १६७९ मध्ये भूपाळगड पडला आणि दिलेरखानाने तिथल्या शेकडो कैद्यांचे हात तोडले. वर्ष संपता संपता राजे मोगली छावणीतून निसटून विजापूरमार्गे पन्हाळ्यास आले. जानेवारी १६८० मध्ये महाराज तिथे येऊन त्यांना भेटले.

सभासद बखरीनुसार महाराजांनी ममतेने समजूत काढली आणि राज्याचे दोन भाग करण्याचा विचार बोलून दाखवला. आपण दूधभात खाऊन वडिलांच्या पायांचे चिंतन करू, असे राजे म्हणाले. आधी रायगडी राजारामांचे लग्न उरकू, वाटणीचे मग पाहू, असे ठरले. ही बखर राजारामांच्या आज्ञेवरून लिहिली गेली, त्यामुळे वाटणीचा प्रसंग सावधपणेच वाचावा लागतो. पण बापाने मुलाला जवळ घेतले, याबद्दल बखरीत दुमत नाही.

दाखल्यात परतणारा धाकटा होता, इथे थोरला. घरी राहिलेले राजाराम जेमतेम दहा वर्षांचे होते. त्यांच्या वतीने रुसणारी माणसे रायगडावर होती. मार्चमध्ये लग्न झाले, तेव्हा संभाजीराजे पन्हाळ्यावरच होते. ३ एप्रिल १६८० रोजी महाराज रायगडावर वारले. समेट झाला होता तो बाप आणि लेक यांच्यात. घरातल्या बाकीच्यांपर्यंत तो पोचलाच नव्हता.

२१ एप्रिलला सोयराबाई आणि काही मंत्र्यांनी राजारामांना मंचकावर बसवले. सोयराबाईंचे सख्खे भाऊ सेनापती हंबीरराव मोहिते मात्र संभाजीराजांच्या बाजूने उभे राहिले आणि डाव उलटला. पुढच्याच वर्षी कटाच्या आरोपावरून अण्णाजी दत्तोंसह अनेकांना देहदंड झाला.

आपल्या भावकीतही असेच घडते. शहरातून हात हलवत परतलेल्याला आपण जेवू घालतो, 'झालं गेलं विसरू' म्हणतो. मागे राहून शेत कसणाऱ्याला, आईवडिलांचे दुखणेखुपणे काढणाऱ्याला मात्र कोणी काही विचारत नाही. पुढे सातबाऱ्यावरून तंटा उभा राहतो आणि याला एकाएकी काय झाले, म्हणून आपण नवल करतो.

दाखल्यातल्या बापाचे शहाणपण मला त्याच्या क्षमेइतकेच त्या दुसऱ्या खेपेत दिसते. परतलेल्याला मिठी मारून तो थांबला नाही. मेजवानी सोडून अंगणात आला आणि राहिलेल्याचे गाऱ्हाणे ऐकून घेतले. पन्हाळ्याहून रायगडाकडे निघालेल्या बापाच्या मनातही ती दुसरी खेप असावी, असे मला वाटते. त्याला वेळ पुरला नाही. आपल्याजवळ तो बहुधा असतो.