‘व्यक्ती’ आणि ‘तो’ : कामाच्या ठिकाणच्या सर्वनामाचा एक न्यायालयीन इतिहास

कलकत्ता विद्यापीठाची कायद्याची पदवी मिळविलेल्या रेजिना गुहा यांनी १९१६ साली अलीपूरच्या जिल्हा न्यायालयात वकिलीच्या नोंदणीसाठी अर्ज केला. त्यांच्या पात्रतेविषयी कोणालाच शंका नव्हती. अडचण निघाली ती १८७९ च्या लीगल प्रॅक्टिशनर्स अ‍ॅक्टच्या शब्दयोजनेतून. सनद ‘व्यक्ती’ला मिळावयाची होती, पण त्या व्यक्तीचा निर्देश करणारी इंग्रजी सर्वनामे पुल्लिंगी होती. या ‘तो’मध्ये ‘ती’ सामावते काय, हे ठरविण्यासाठी कलकत्ता उच्च न्यायालयाचे पाच न्यायमूर्तींचे पूर्णपीठ बसले.

वस्तुतः उत्तर कायद्यातच होते. पुल्लिंगी शब्दांत स्त्रियांचा समावेश समजावा, हा नियम १८६८ च्या जनरल क्लॉजेस अ‍ॅक्टमध्ये होता आणि १८९७ च्या अधिनियमाच्या तेराव्या कलमात तो कायम राहिला. त्याला एक पुस्ती मात्र जोडलेली होती : विषय किंवा संदर्भ विरोधी नसेल तर. पूर्णपीठाने या पुस्तीचाच आधार घेतला. वकिली हा तोवर केवळ पुरुषांचा व्यवसाय होता, म्हणून कायदेकर्त्यांच्या मनात स्त्री असणे शक्य नाही, असा तो युक्तिवाद. म्हणजे ज्या प्रथेमुळे स्त्रिया बाहेर राहिल्या होत्या, तीच प्रथा सर्वनामाचा अर्थ ठरविणारा संदर्भ बनली. अर्ज फेटाळला गेला.

तौलनिक अभ्यासकाला या प्रसंगातील भाषिक विसंगती दृष्टिआड करता येणार नाही. कलकत्त्याच्या घराघरांत बोलली जाणारी बंगाली तृतीयपुरुषी सर्वनामात लिंगभेद मानीत नाही. ‘से’ आणि आदरार्थी ‘तिनि’ ही दोन्ही रूपे स्त्रीपुरुषांना सारखीच लागू पडतात. क्रियापदही लिंगानुसार बदलत नाही. पूर्णपीठात न्या. आशुतोष मुखर्जी होते; पुढे १९१९ साली याच विद्यापीठात भारतीय भाषांचे पदव्युत्तर अध्यापन ज्यांच्या पुढाकाराने सुरू झाले, तेच हे मुखर्जी. घरातल्या भाषेचे औदार्य न्यायासनापर्यंत पोहोचले नाही. ते पोहोचावे अशी अपेक्षा करणेही कदाचित भाबडेपणाचे ठरेल, कारण लिंगनिरपेक्ष सर्वनामे असलेला बंगाली समाज व्यवहारात लिंगनिरपेक्ष होता असे कोणीच म्हणणार नाही.

पाटण्यास सुधांशुबाला हाजरा यांचा अर्जही १९२१ साली नामंजूर झाला. त्याच वर्षी अलाहाबाद उच्च न्यायालयाने मात्र नाशिकला जन्मलेल्या आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांची नोंदणी मान्य केली. एकाच कायद्याखाली गंगेकाठच्या दोन न्यायालयांत ‘व्यक्ती’चे दोन अर्थ झाले. अखेर केवळ स्त्री असल्याच्या कारणाने कोणाला सनद नाकारता येणार नाही, असा स्वतंत्र अधिनियम १९२३ साली करावा लागला. समावेशाचा सर्वसाधारण नियम पंचावन्न वर्षे पुस्तकात असूनही स्त्रियांचे नाव वेगळे घेतल्यावाचून दार उघडले नाही.

मराठीत हा वाद निराळ्या रीतीने मांडावा लागला असता. मराठी ‘व्यक्ती’ व्याकरणदृष्ट्या स्त्रीलिंगी आहे; पुरुषासही ‘ती व्यक्ती’च म्हणावे लागते. या योगायोगाचे कौतुक फार करू नये, कारण मराठीत लिंग सर्वनामापुरते थांबत नाही, ते क्रियापदात उतरते. ‘तुम्ही आलात’ यात लिंगाचा उल्लेख नाही; ‘तू आलास’ आणि ‘तू आलीस’ यांत तो टळत नाही. कचेरीतला आदरार्थी ‘तुम्ही’ समोरच्याचे लिंग झाकतो. तोच सहकारी खोलीबाहेर गेला की ‘ते’ किंवा ‘त्या’ यांतून निवड करावीच लागते. नपुंसकलिंगाची तिसरी वाट आहे खरी. परंतु एकवचनी ‘ते’ लहान मुलाला किंवा जनावराला लावण्याची सवय इतकी मुरलेली आहे की, प्रौढ माणसाला ते अवमानकारक वाटते.

१५ एप्रिल २०१४ रोजी ‘नालसा’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने संविधानाच्या चौदाव्या अनुच्छेदातील ‘व्यक्ती’ केवळ स्त्री वा पुरुष एवढीच नाही, तीत तृतीयपंथीयांचाही समावेश होतो, असा अर्थ लावला. अठ्ठ्याण्णव वर्षांपूर्वी कलकत्त्यात आखडता घेतलेला शब्द येथे सैल झाला. २०१९ च्या अधिनियमाने तृतीयपंथीयांबाबत नोकरीतील भेदभावास मनाई केली आणि आस्थापनांत तक्रार अधिकारी नेमण्याची तरतूद केली. नेमणुकीनंतर सहकाऱ्यांनी कोणत्या क्रियापदाने बोलावे, हा प्रश्न मात्र त्या त्या भाषेकडेच राहिला.

त्याच खटल्यात सहभागी असलेल्या लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांच्या मराठी आत्मकथनाचा इंग्रजी अनुवाद २०१५ साली निघाला. मराठीत ‘मी’ म्हणणाऱ्याला ‘गेलो’ की ‘गेले’ हे पदोपदी ठरवावे लागते. इंग्रजी ‘आय’च्या आड ही निवड नाहीशी होते. शासकीय स्वयंघोषणापत्रात तीच निवड एका तिरप्या रेघेने होते : ‘घोषित करतो/करते की’. यांतले न लागू होणारे रूप अर्जदाराने खोडावयाचे असते. ‘घोषित करण्यात येते’ असा कर्मणी पर्याय उपलब्ध आहे आणि कचेऱ्यांना तो प्रियही आहे. त्यात लिंग जाते, पण ज्याने घोषणा करावयाची तो ‘मी’ही वाक्यातून निघून जातो.