साठ कबरी, नाव एकही नाही

विजापूरला गेलेला माणूस गोलघुमट पाहतो, इब्राहिम रोजा पाहतो, मुलुख-मैदान तोफेवर हात फिरवतो आणि परततो. शहराबाहेर पश्चिमेला असलेल्या ‘साठ कबर’कडे फारसे कुणी वळत नाही. आम्ही तिकडे जायचे ठरवले तेव्हा रिक्षावाल्याने एकच अट घातली, ‘मगरीब के पैले निकलना, साब.’ रात्री तिथे बायकांच्या किंकाळ्या ऐकू येतात, असे त्याचे म्हणणे होते.

दिवसाउजेडी मात्र भीती वाटावी असे तिथे काही नाही. एका चौथऱ्यावर काळ्या दगडाच्या कबरी ओळींनी मांडलेल्या आहेत. सगळ्या एकसारख्या, सारख्याच अंतरावर. काही फुटलेल्या. पुरातत्त्व खात्याचे हेन्री कझिन्स यांनी विजापूरच्या वास्तूंवरील १९१६ च्या ग्रंथात या कबरींची संख्या ६३ दिली आहे. कबरींचे माथे सपाट आहेत. विजापुरात पुरुषाच्या कबरीवर उंचवटा असतो आणि स्त्रीची कबर सपाट. म्हणजे इथे स्त्रियाच निजल्या आहेत, एवढे दगड सांगतो.

पुढचे लोक सांगतात. १६५९ मध्ये अफजलखान शिवाजी महाराजांवर चालून निघाला. ज्योतिषाने सांगितले की, तू जिवंत परतणार नाहीस. आपल्यामागे बेगमा दुसऱ्याच्या हाती पडू नयेत म्हणून खानाने त्यांना विहिरीत बुडवून मारले. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी खान मारला गेला आणि तिथेच दफन झाला. विजापूरजवळ त्याने हयातीतच बांधायला घेतलेला मकबरा त्याच्याविना राहिला.

अफजलखान हे नाव महाराष्ट्रात शाळेपासून आपल्या वाट्याला येते. वर्गात धडा सुरू झाला की माना आपल्याकडे वळतात. त्यामुळे ही कथा ऐकताना आपलेही दोन पक्ष होतात. एक म्हणतो, ही निव्वळ बदनामी. दुसरा म्हणतो, असेलही, सरदारच तो. आम्हीही तिथे उभे राहून हाच वाद घातला. आमच्यातला एक जण म्हणाला, घडीव दगडाच्या इतक्या कबरी मोहिमेच्या घाईत कशा होतील? हे जनान्याचे राखीव कबरस्तान असेल, वर्षानुवर्षे भरत गेलेले. दुसऱ्याने विचारले, मग सगळ्या एकाच घडणीच्या कशा?

वाद रंगला असताना सोबतच्या मुलीने विचारले, ‘यांची नावं काय होती?’

आम्ही गप्प झालो. खानाचे नाव, त्याच्या मशिदीचे साल १६५३, त्याच्या मृत्यूची तारीख, सारे आम्हाला पाठ होते. त्या दुमजली मशिदीचा वरचा मजला जनान्यातील स्त्रियांसाठी असावा, असे मानतात. पण तो जिना चढणाऱ्या एकीचेही नाव आमच्यापैकी कुणाला सांगता आले नाही. ती खरोखर मारली गेली की तापाने गेली, तिला लेकरे होती की नव्हती, हे विचारावे असे आम्हालाही आजवर वाटले नव्हते. खानाची बाजू घेणारे आणि खानाला दोष देणारे, दोघेही खानाबद्दलच बोलत होते. आणि भुताची गोष्ट सांगणाऱ्याने त्या स्त्रियांना नुसती किंकाळी दिली, नाव दिले नाही.

कबरस्तानात पाऊल टाकताना आधी मृतांना सलाम करावा, अशी आपल्याला शिकवण आहे. सलाम माणसाला करतात. भुताला माणूस भितो. साठ कबरीला जाणाऱ्यांनी एवढा फरक ध्यानात ठेवला तरी पुष्कळ.

उन्हे कलली. रिक्षावाला हॉर्न वाजवू लागला. आम्ही ओळीने उभे राहून फातिहा पढलो. मुलगी एकेका कबरीपाशी थांबून हळूच सलाम करत चालली होती. तिची शेवटची ओळ संपेपर्यंत मगरीब झाली, आणि कुणीच घाई केली नाही.