शेजारच्या खुर्चीचे शिक्षण

शिक्षणाचा विषय निघाला की लातूरकर अभिमानाने ‘लातूर पॅटर्न’ सांगतात आणि नांदेडकर विष्णुपुरीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाकडे बोट दाखवतात. तो अभिमान रास्त आहे. पण पदवीनंतर, नोकरीत जे शिकावे लागते, त्याची चर्चा आपल्याकडे क्वचितच होते. मार्च २०२०च्या टाळेबंदीत पुण्या-हैदराबादची आयटीतली मुलेमुली लॅपटॉप घेऊन गावी परतली, तेव्हा हे शिक्षणही आपल्या दारात आले. म्हणून वाचकांनी या विषयाकडे थोडे थांबून पाहावे, अशी विनंती आहे.

सुरुवात संगणकापासून करू नका. लातूरच्या आडतीत जा. मूठभर सोयाबीन हातात घेऊन ओल ओळखायला नवा माणूस जुन्याजाणत्यांच्या बाजूला उभा राहूनच शिकतो. ते कोणी वर्ग भरवून शिकवत नाही. जीन लेव्ह आणि एटियन वेंगर यांनी १९९१च्या त्यांच्या पुस्तकात अशाच शिकण्याचा विचार केला. लायबेरियातले शिकाऊ शिंपी आधी काजे-बटणे, इस्त्री करतात आणि कापड बेतण्याकडे शेवटी वळतात. त्याच पुस्तकातले अमेरिकी खाटीक मात्र वाचकांनी विशेष लक्षात ठेवावेत: तिथे शिकाऊ पोरांना मांस पॅक करायला वेगळ्या जागी बसवले आणि कसबी हात कसे चालतात हे त्यांना दिसेनासे झाले. घरून काम करणाऱ्या नवख्याचे असेच होते का?

पुरावे दोन्हीकडे आहेत. निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांनी २०२४मध्ये चीनच्या ट्रिप डॉट कॉममधला प्रयोग मांडला. आठवड्यातले दोन दिवस घरून काम करू दिल्यावर नोकरी सोडणाऱ्यांचे प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने घटले आणि बढत्यांना धक्का लागला नाही. उलट, एका अमेरिकी कंपनीतल्या प्रोग्रामरांच्या अभ्यासात एकाच इमारतीत बसणाऱ्यांना आपल्या कोडवर जास्त सूचना मिळाल्या, आणि त्याचा लाभ नवख्यांना अधिक झाला. त्यासाठी अनुभवींचा वेळ मात्र खर्ची पडला. माझ्या मते हे दोन्ही निष्कर्ष एकत्रच वाचायला हवेत.

आणि आपल्या भागाचा हिशेब वेगळा आहे. देगलूरच्या मुलीसाठी ‘दोन दिवस ऑफिस’ म्हणजे रात्रभराची ट्रॅव्हल्स, नाहीतर पुण्यातल्या खोलीचे महिनाभराचे भाडे. गावी राहिली, तर अडलेला प्रश्न ती चॅटवर टाइप करते, पुसते, पुन्हा लिहिते. कारण लिहिलेले अज्ञान सगळ्या टीमला दिसते. शेजारी बसलेल्या दादाला तेच तिने हळूच विचारले असते.

तुमच्या ओळखीत २०२०-२१ मध्ये घरूनच पहिल्या नोकरीला लागलेले कोणी नक्की असेल. पुढची पाने उलटण्याआधी त्यांना एवढेच विचारा: काम पहिल्यांदा अडले, तेव्हा तुम्ही कोणाला फोन केलात, आणि त्याआधी किती वेळ एकटेच झगडत बसलात?