गीना, प्रिन्सेस ऑफ लिख्टेनश्टाइन

(२४ ऑक्टोबर १९२१ – १८ ऑक्टोबर १९८९). लिख्टेनश्टाइनचे अधिपती प्रिन्स फ्रान्स योझेफ दुसरे यांच्या पत्नी आणि ‘लिख्टेनश्टाइन रेड क्रॉस’च्या संस्थापक. मूळ नाव गेऑर्गिना फॉन विल्चेक. ‘गीना’ या घरगुती नावानेच त्या ओळखल्या गेल्या. जन्म ऑस्ट्रियातील ग्राट्स येथे, विल्चेक या जुन्या सरदार घराण्यात.

लिख्टेनश्टाइनचे राजे पिढ्यान्‌पिढ्या व्हिएन्ना आणि मोराव्हिया येथे राहत. आपल्या छोट्या देशात ते क्वचितच येत. फ्रान्स योझेफ यांनी १९३८ मध्ये फाडुट्सच्या गढीत कायमचा मुक्काम हलवला. ७ मार्च १९४३ रोजी फाडुट्सच्याच चर्चमध्ये त्यांचा गीना यांच्याशी विवाह झाला. त्यामुळे प्रजेमध्ये राहून संसार करणाऱ्या त्या पहिल्या राजपत्नी ठरल्या. या दांपत्याला चार मुलगे आणि एक मुलगी झाली. थोरले हान्स-आडाम यांचा जन्म फेब्रुवारी १९४५ मधला.

हे मूल अडीच महिन्यांचे असताना दुसरे महायुद्ध देशाच्या सीमेवर येऊन ठेपले. फ्रेंच फौजा पश्चिम ऑस्ट्रियात शिरत होत्या. वेठबिगार कामगार, सुटलेले युद्धकैदी आणि छळछावण्यांतून वाचलेले लोक अशा हजारोंची शानवाल्डच्या नाक्यावर रीघ लागली. देशाची लोकसंख्या तेव्हा जेमतेम १२ हजार. ३० एप्रिल १९४५ रोजी रेड क्रॉसची स्थापना झाली आणि तेवीस वर्षांच्या गीना तिच्या अध्यक्ष झाल्या. नाक्यावरच्या मदतकार्यात त्या स्वतः उतरल्या. २ मेच्या रात्री जर्मनीच्या बाजूने लढलेले सुमारे ५०० रशियन सैनिक आणि त्यांच्यासोबतची माणसे शेलेनबर्गजवळून देशात आली. त्यांना नजरकैदेत ठेवण्यात आले व त्यांच्या देखभालीत रेड क्रॉसने मोठा वाटा उचलला. सोव्हिएत संघाने त्यांची मागणी केली, तरी ज्यांची परतण्याची तयारी नव्हती त्यांना लिख्टेनश्टाइनने बळाने परत पाठवले नाही.

राजपत्नीला राज्यकारभारात कोणताही अधिकार नव्हता. तरीही गीना यांनी समाजकार्यातून या पदाला स्वतंत्र वजन मिळवून दिले. युद्धकाळापुरती वाटलेली संस्था त्यांच्या काळात कायमची उभी राहिली. युद्धाची झळ पोहोचलेल्या परदेशी मुलांना हवापालटासाठी आणणे, माता-बालकांना आरोग्यविषयक सल्ला देणे आणि रुग्णवाहिका चालवणे ही कामे तिने अंगावर घेतली.

गीना यांनी ३९ वर्षे अध्यक्षपद सांभाळले. १९८४ मध्ये फ्रान्स योझेफ यांनी कारभार हान्स-आडाम यांच्या हाती सोपवला. त्याच वर्षी रेड क्रॉसची सूत्रे गीना यांच्याकडून सून मारी यांच्याकडे गेली. पुढे ही धुरा राजघराण्यातील सुनेनेच वाहण्याची प्रथा पडली. लिख्टेनश्टाइनमधील स्त्रियांना राष्ट्रीय निवडणुकांत मताधिकार मिळाला, तोही १९८४ मध्येच.

स्वित्झर्लंडमधील ग्राब्स येथे गीना यांचे निधन झाले. त्यानंतर महिनाभराच्या आतच, १३ नोव्हेंबर १९८९ रोजी, फ्रान्स योझेफ यांचेही देहावसान झाले आणि हान्स-आडाम दुसरे गादीवर आले.