कोठीत कुणी उतरायचं?

आजचा विषय आहे धान्याची कोठी. तुम्ही म्हणाल, कोठीत काय इतिहास असणार? धान्य वरून ओतायचं, खालून काढायचं. मलाही तसंच वाटायचं, दोन वर्षांपूर्वीच्या श्रावणापर्यंत.

आमच्या गटाची धान्य बँक आहे. त्यासाठी आम्ही पत्र्याची एक मोठी कोठी करून घेतली होती, खाली नरसाळ्यासारखा तळ आणि सरकती झडप. त्या दिवशी ज्वारी काढायला झडप उघडली. दोन पोती भरली आणि धार थांबली. आम्ही पत्रा बडवला, उपयोग नाही. एका ताईंचा तेरा वर्षांचा मुलगा शिडीवरून वर चढला. झाकण उघडून म्हणाला, "वरती तर सपाट आहे, मी आत उतरून पायानं हलवतो." त्यानं एक पाय आत टाकला, तेवढ्यात आमच्या गटातल्या सगळ्यात वयस्कर आजी ओरडल्या, "मागं ये! खाली पोकळ असंल!"

त्याला खाली घेतलं. मग शिडीवरूनच लांब बांबूनं ज्वारी टोचली. धस्स आवाज झाला आणि सपाट दिसणारी ज्वारी पुरुषभर खोल बसली. सगळ्याजणी गप्प झालो.

आजींना कसं कळलं? त्यांनी पेव पाहिलं होतं. पेव म्हणजे जमिनीत खणलेली, तोंड अरुंद आणि पोट मोठं अशी धान्याची खोली. आपल्याकडे जमिनीत धान्य ठेवण्याची रीत फार जुनी आहे. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगावला डेक्कन कॉलेजनं उत्खनन केलं, तेव्हा सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या वस्तीत धान्य साठवायचे खड्डे आणि कणग्या ठेवण्यासारखे मातीचे गोल ओटे सापडले. पेव उघडलं की कुणी लगेच आत उतरत नसे. आधी कंदील सोडायचा. तो विझला तर आत हवा नाही, थांबायचं. धान्यही श्वास घेतं आणि बंद जागेत जीव गुदमरवणारा वायू साठतो, हे शाळेत न जाता माणसं शिकली होती. पण शेवटी उतरावं लागायचंच. पेवातून धान्य आपोआप बाहेर येत नाही.

म्हणून मला कणगी मोठी हुशारीची वाटते. बांबूची विणलेली, शेणमातीनं लिंपलेली, आणि खाली एक भोक. त्यात चिंध्यांचा बोळा. बोळा काढला की धान्य सुपात, बोळा लावला की बंद. वाड्यांच्या भिंतीतल्या बळदालाही खाली असंच तोंड असायचं. माणसानं आत जाण्यापेक्षा धान्यच बाहेर यावं, ही ती युक्ती. पेरणीच्या वेळी चाड्यावर मूठ धरणारी बाईही तेच काम करते. बी ओलसर असलं की नळीत अडकतं, हे तिच्या बोटांना आधी कळतं.

हाच प्रश्न दूर अमेरिकेतही होता. तिथं पिठाच्या गिरणीत जात्यातून गरम, दमट पीठ निघायचं. ते माळ्यावर दाताळ्यानं पसरून गार करायचं आणि चाळणीच्या हॉपरकडे लोटायचं काम पोरांकडे असे. ऑलिव्हर इव्हान्स नावाच्या कारागिरानं १७८० नंतरच्या दशकात त्यासाठी फिरतं लाकडी दाताळं बनवलं. त्याचं नाव काय पडलं माहीत आहे? 'हॉपर बॉय'. पोराचं काम यंत्रानं घेतलं, नाव पोराचंच राहिलं. १७९० साली त्याला आपल्या गिरणीच्या पद्धतीचं पेटंट मिळालं. त्याच्याच बादल्यांच्या पट्ट्याची कल्पना वापरून १८४२ साली बफेलो शहरात जोसेफ डार्टनं वाफेवर चालणारं धान्याचं उंच कोठार उभं केलं. तोवर जहाजातलं धान्य मजूर पाठीवरून उतरवत.

कोठारं उंच झाली, तसं नवं कोडं पडलं. १८९५ साली यान्सन नावाच्या जर्मन अभियंत्यानं लहान कोठ्यांत धान्य भरून तळावरचं वजन मोजलं. ठरावीक उंचीनंतर कितीही धान्य ओता, तळावरचा भार फारसा वाढत नाही, असं त्याला दिसलं. बाकीचं ओझं जातं कुठं? भिंतींवर. दाणे एकमेकांना आणि भिंतीला रेटून धरतात. आपल्या ज्वारीचं तेच झालं होतं. दमट दाण्यांनी दगडी पुलासारखी कमान बांधली, खालचं धान्य निघून गेलं आणि वर नुसतं छत राहिलं.

ही कमान मोडायची कशी, त्यापेक्षा ती होऊच नये म्हणून काय करायचं, याचं गणित अँड्र्यू येनिके यांनी मांडलं. ते मूळचे पोलंडचे. अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात त्यांनी वर्षानुवर्षं नाना प्रकारच्या भुकट्या आणि दाणे दाबून, सरकवून पाहिले आणि १९६४ साली आपला मोठा अहवाल छापला. सार सोपं आहे. तळाचा उतार पुरेसा उभा आणि गुळगुळीत हवा, तोंड पुरेसं रुंद हवं. नाहीतर फक्त मधलं धान्य विहिरीसारखं खाली येतं आणि कडेचं तसंच राहतं.

इथं मला आईची आठवण झाली. खालून काढतो म्हणजे जुनं धान्य आधी येतं, असं आपण समजतो. पण सपाट तळाच्या कोठीत भोकाच्या वरचं आणि त्यामागोमाग माथ्यावरचं, म्हणजे नवंच धान्य आधी घसरतं. जुनं कोपऱ्यात सोंड्यांचं घर होऊन बसतं. म्हणूनच आई नवी रास घरात येण्याआधी कणगी पूर्ण रिकामी करून, उन्हात तापवून, पुन्हा लिंपायची. आम्हाला ती उगाच राबते असं वाटायचं.

आज धान्य वाहतं ठेवायला यंत्रं पुष्कळ आहेत. भिंतीला बसवायची थरथरणारी मोटार, हवेचा झोत, तळाशी फिरणारा मळसूत्री दांडा. तरी माणसं आत उतरतात आणि जीव जातात. झडप उघडी असताना गुडघ्यापर्यंत धान्य आलं की पाय निघत नाही, कमरेपर्यंत आलं की वरून दोघांनी ओढूनही माणूस निघत नाही. अमेरिकेनं १९८७ साली यासाठी नियम केले. त्यात धान्य मोकळं करायला त्यावर चालायला बंदी आहे. आत जायचंच झालं तर आधी यंत्र बंद करून कुलूप लावायचं, दोर बांधायचा आणि बाहेर माणूस उभा ठेवायचा.

आम्ही काय केलं? कोठीचा तळ पसरट होता, तो कापून ४५ अंशांचा उभा करून घेतला. खळ्यावरच्या राशीचा उतार बघा, कोठीचा तळ त्याहून उभा हवा. तळाजवळ बाहेरून सळई घालायला झाकणाची छोटी खिडकी केली. थरथरणारी मोटार बसवली, पण झडप उघडी असतानाच ती लावायची. झडप बंद असताना लावली तर धान्य आणखी घट्ट बसतं. वरच्या तोंडाला जाळी वेल्ड केली. आणि दाताखाली कटकन फुटल्याशिवाय ज्वारी कोठीत घ्यायची नाही, असा ठराव केला. वाळलेलं धान्य सहसा अडतच नाही.

त्या मुलाला आजींनी दुसऱ्या दिवशी एक काम दिलं. जाळीवर लाल रंगानं लिहायचं. त्यानं लिहिलं, "आत कुणीही उतरायचं नाही." अक्षर वाकडं आहे, पण लांबून वाचता येतं. तुमच्या कोठीवर आहे का? नसेल तर आजच लिहा.